गोदीवाले डॉक्टर

कुठल्याही लग्नाला निघालं की आमची नात आधी माझ्या पर्समधला चष्मा काढून घेते. "आजी, चष्मा जमा कर." एवढीशी पोट्टी, पण आवाज हवालदाराचा. तिला तिच्या बापानं शिकवलंय. चष्मा जवळ असला की मी मांडवात कमी आणि मांडवामागच्या चुलीपाशी जास्त सापडते, हा घरातल्या सगळ्यांचा अनुभव आहे. मागे एका भाच्याकडे जेवणावळ होती, तिथे मी आचाऱ्याला विचारलं, "बाबू, बोकड कुठला?" तो म्हणाला, "काहून आजी, नातेवाईक लागते काय तुमचा?" तेव्हापासून ही जप्ती चालू आहे.

पण ही खोड मूळची माझी नाही. एका माणसाची आहे. माझ्या अंगाला ती कधी चिकटली ते मलाही कळलं नाही.

मी तेव्हा नवीकोरी डॉक्टर होते, जनावरांची. दर्यापूरच्या मास्तरांची मुलगी, अमरावतीला राजापेठेत भाड्याची खोली आणि गाठीला सुवर्णपदक. ते पदक मी पर्समध्ये घेऊन फिरत असे. खोटं नाही सांगत. कोणी शिक्षणाचं विचारलंच तर हाताशी असावं! कोणी विचारलं नाही. एकदा ऑटोवाल्याला सुट्टे देताना मात्र ते हातात आलं. त्यानं उलटसुलट पाहिलं आणि "मॅडम, हे चालत नाई" म्हणून परत केलं.

अशा या सुवर्णकन्येची नेमणूक झाली कत्तलखान्यावर. कापलेल्या बकऱ्यामेंढ्यांची कलेजी, फुफ्फुसं, आतडी बघायची, कुठे कृमी किंवा फोड दिसला तर तेवढं बाद करायचं आणि चांगल्या मांसावर निळा शिक्का मारायचा. आईनं शेजारणींना सांगितलं, "पोरगी सरकारी तपासणीत हाय." कशाच्या तपासणीत ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही फुलाफुलाच्या रुमालाला अत्तर लावून कामावर जात असे.

तिथले माझे वरिष्ठ म्हणजे हे डॉक्टर. मूळचे अकोल्याचे, पण सगळी उमेद मुंबईच्या बंदरावर गेलेली. मोठ्या हॉटेलांसाठी परदेशातून जहाजानं गोठवलेलं मांस यायचं. ते गोदीत उतरलं की त्यात कुठला परका किडा चढून आलाय का, ते बघायचं यांचं काम. पुढे ते वऱ्हाडात परतले. का परतले याच्या अनेक कथा होत्या. कोणी म्हणे, एका बड्या हॉटेलचा अख्खा कंटेनर त्यांनी परत पाठवला, म्हणून त्यांनाच परत पाठवलं. कोणी म्हणे, बायको वारली आणि तिकडे करमेना. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "समुद्राला फार आवाज आहे." यापलीकडे काही कळलं नाही.

बंदर सुटलं, पण डॉक्टरांनी बंदर सोडलं नाही. मे महिन्यात अमरावतीचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही हे गुडघ्यापर्यंत रबरी गमबूट घालून उभे. दुपारी एका पायावर उभं राहून दुसरा बूट उलटा करायचे, त्यातून घाम निथळायचा. गळ्यात शिट्टी. कमरेला कातडी म्यानातली सुरी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. दर्यापूरहून बकऱ्यांनी भरलेली जीप फाटकाशी आली की विचारायचे, "बोट लागली का?" आणि जीपवाल्याला पहिला प्रश्न, "मूळ देश कोणता?"

"देश काय साहेब, अंजनगावच्या बाजारच्या हायेत."

"म्हणजे परदेशी. उतरव."

आम्ही वऱ्हाडी बोलायचो, ते मात्र कडक मुंबईची मराठी. अकोल्याचा माणूस "मले, तुले" सोडून "मला, तुला" करताना ऐकलं की कसाई मंडळी एकमेकांना डोळा मारायची. त्यांनीच नाव पाडलं होतं, गोदीवाले डॉक्टर.

माणूस भेटला की लोक नमस्कार करतात. डॉक्टर त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे. बकऱ्याच्या पोटात जंत असले की पापणीचा आतला भाग पांढराफटक पडतो. ती तपासणी त्यांच्या बोटांत इतकी मुरली होती की समोर बकरी आहे की नगरसेवक, याचा त्यांना फरक पडत नसे. एक नगरसेवक पाहणीला आला, सोबत चारपाच कार्यकर्ते. डॉक्टरांनी भर अंगणात त्याची पापणी ओढली आणि म्हणाले, "औषध घ्या. तुमच्यात तुम्ही एकटे नाही आहात." पुन्हा पाहणी झाली नाही.

हसण्यासारखं होतं, आणि नव्हतंही. ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. कापसाला भाव नाही, जनावराला चारा नाही. लोक आधी बैल काढायचे, मग बकऱ्या. कत्तलखान्यावर जनावरं मायंदाळ यायची आणि मांस निघायचं थोडं. बाया स्वतः बकरी घेऊन यायच्या, कासेत दूध असलेली. गाभण बकरी दिसली की डॉक्टर शिट्टी मारून परत पाठवायचे, "हा माल या बंदरावर उतरणार नाही!" आणि परत जाणाऱ्या बाईची पापणी ओढून बघायचे. तीही पांढरीच निघायची. मग त्यांच्या खिशातून गूळफुटाण्याची पुडी निघायची. बाई म्हणायची, "हे काय हो?" हे म्हणायचे, "औषध आहे. इथेच उभी राहून खा. घरी नेशील तर पोरांना देशील."

त्यांचं खरं वैर मात्र कुत्र्यांशी होतं. बंदरावर म्हणे कुत्र्याला आत पाय ठेवता येत नसे. इथे कुंपणाच्या भिंतीपलीकडे कुत्र्यांचं मोहोळ होतं. खाटीक खराब आतडं, फोड आलेली कलेजी भिंतीवरून भिरकावायचे आणि पलीकडे ती वरच्यावर झेलली जायची. डॉक्टरांनी आल्याआल्या एक खोल खड्डा खणून घेतला, वर लोखंडी झाकण बसवलं. बाद झालेलं सगळं त्यात, वर चुना. तरी कोणी सवयीनं भिरकावलंच, की शिट्टी वाजलीच.

आता माझा पहिला दिवस ऐका. पांढराशुभ्र कोट, त्याला इतकी खळ की मी बसले तरी कोट उभाच. रहीमचाचा म्हणून तिथले जुने कसाई होते. त्यांनी बोकड सोलून टांगलेला. मी पोट उघडून पाहते, तर कलेजीच्या कडेला पाण्यानं भरलेली एक पातळ पिशवी लोंबतेय. माझं काळीज नाचायला लागलं. पुस्तकातलं चित्र! मी तिचं लॅटिन नाव मोठ्यानं घेतलं आणि जाहीर केलं, "पूर्ण बोकड बाद!"

चाचा म्हणाले, "मॅडम, पिशवी हाय ते. काढून टाकतो ना. पुरा बकरा काहून बाद करता? गरिबाचा धंदा हाय, थोडा खयाल करा."

मी म्हटलं, "कायदा म्हणजे कायदा." कुठला कायदा, ते मलाही ठाऊक नव्हतं. वर ती पिशवी कापली, दोन बोटांत धरली, नाकाला रुमाल लावला आणि अशी काही ऐटीत भिंतीपलीकडे फेकली, की जणू नवरीनं मागे तांदूळ टाकावेत.

पलीकडे 'गप' असा आवाज आला.

आणि शिट्टी वाजली. डॉक्टर फाटकातून बाहेर पडले ते गमबुटांसकट धावत. पुढे एक तांबडं कुत्रं, मागे हे. चहाच्या टपरीला वळसा, सायकल दुकानाला वळसा, मग नाल्यात. आम्ही सगळे भिंतीवरून बघत होतो. रहीमचाचा म्हणाले, "मॅडम, पयल्याच दिवशी साहेबाले पळवलं तुमी. आमाले इतकी वर्सं नाई जमलं."

डॉक्टर परत आले तेव्हा एकाच पायात बूट होता. दुसरा नाल्यात रुतून राहिला होता.

मी विचारलं, "सापडलं का, सर?"

"गेलं. तुझा माल घेऊन जहाज गेलं."

मग त्यांनी मला टांगलेल्या बोकडापाशी नेलं. "सगळा बाद का केलास?"

मी लॅटिन नाव सांगितलं.

"बोकडाला लॅटिन येत होतं का? लक्षात ठेव. कडेला लोंबतो तो पाहुणा. पिशवी काढून टाक, कलेजीसुद्धा खायला मोकळी. आत रुतून बसतो तो घरजावई. कलेजीत गोल, टणक, पांढरा फोड दिसला, सुरी टेकवली की पाणी उडेल असा, तर ती कलेजी बाद. कलेजीच. बाकीच्या बोकडानं काय घोडं मारलंय?"

मी मान हलवली. वाटलं संपलं.

"आणि ही तुझी छोटी चूक झाली. मोठी चूक तू भिंतीपलीकडे टाकलीस. आज पाहुणा होता म्हणून वाचलो. घरजावई असता तर? तो कच्चा फोड कुत्र्यानं खाल्ला की त्याच्या पोटात बारीक कृमी होतात. कुत्रं अंगणात घाण करतं, पोरगं कुत्र्याला कुरवाळतं आणि तोच हात तोंडात घालतं. मग कलेजीतला फोड पोराच्या कलेजीत. कुत्रा हे जहाज आहे. समजलं? आपण मांस तपासत नाही, जहाज अडवतो."

बोकडाला शिक्का बसला, चाचा खूश झाले. मी राजापेठेतल्या खोलीवर गेले आणि पर्समधलं पदक काढून ट्रंकेत तळाशी ठेवलं. तिथे ते अजून आहे. ऑटोवाला बरोबर होता.

डॉक्टरांना गावात जेवायला कोणी बोलवत नसे. कारण सोपं होतं. ते आले की पानावर बसायच्या आधी स्वयंपाकघरात शिरत, पातेल्याचं झाकण काढत आणि मटणाचा तुकडा उजेडाला धरून फिरवून बघत. एका जावळाच्या जेवणाला त्यांनी यजमानाला सगळ्यांदेखत विचारलं, "याची कलेजी कुठे टाकली?" यजमानीणबाईंनी तीन वाढप्यांदेखत पदर तोंडाला लावला. मी एकदा म्हटलंही, "सर, दुसऱ्याच्या घरी तरी सोडून द्या."

"मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी जेवत नाही," ते म्हणाले. "बंदरावरही नाही जेवलो." आणि डबा उघडला. डब्यात रोज वरणभात. मांसात मुरलेला हा माणूस खोलीवर एकट्यासाठी वरणभात शिजवायचा. मटण त्यांना फार आवडे, हे मला रहीमचाचांकडून कळलं.

पुढे माझं लग्न ठरलं, बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यात. त्या वर्षांत शेतीवाल्या घरातल्या मुलाला कोणी मुलगी देत नव्हतं. नवरा शाळेत मास्तर होता, तरी घर शेतीचं म्हणून नकार येत राहिले. सासूबाईंनी शेवटी गावच्या पिराला नवस बोलला होता, पोराचं जमलं तर कंदोरी करीन. म्हणजे बोकड कापून पिराला मान आणि गावाला जेवण. पिराला बोललेला नवस फेडताना जात विचारत नाहीत. बोकड त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या भाकरीतली भाकरी देऊन वाढवला होता. एकच बोकड होता. दुसरा आणायची सोय नव्हती, हे मला मांडवात बसल्याबसल्याच समजलं होतं.

मी डॉक्टरांना पत्रिका दिली आणि हात जोडले. "सर, लग्नाला नाही आलात तरी चालेल, कंदोरीला या. पण एक वचन द्या. तपासायचं नाही. माझं सासर आहे."

त्यांनी पत्रिका घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "नाही तपासणार. तोंडही उघडणार नाही."

आले. बार्शीटाकळीपासून पुढे जीपच्या टपावर बसून आले. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात चक्क चपला. गळ्यात मात्र शिट्टी आणि कमरेला सुरी होती. त्या काढायचं वचनात नव्हतं. पिराच्या ओट्याशेजारी निंबाखाली ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

मी हिरवा चुडा, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर अशी ओट्याच्या पायरीशी बसलेली. मान वर करायची नाही, अशी सूचना होती. मुजावरांनी फातिहा वाचला, बोकड कापला. गावचा आचारी सोलायला बसला. सासूबाईंनी निखारे फुलवले. आमच्या सासरची रीत अशी की नवस बोलणाऱ्यानं कलेजी निखाऱ्यावर भाजून पहिला घास घ्यायचा, मग गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, रस्सा चढवायचा. सासूबाई सकाळपासून उपाशी होत्या. आचाऱ्यानं कलेजी ताटात घालून त्यांच्यापुढे आणली.

माझी मान खाली होती, पण डोळे थोडेच खाली असतात! मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी शिट्टी तोंडात धरली होती. वाजवत नव्हते. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, आणि नजर ताटावर खिळलेली.

मी ताटाकडे पाहिलं. कलेजीच्या ऐन मध्यात बोराएवढा पांढरा फोड. लोंबत नव्हता. रुतून बसलेला.

आचारी म्हणाला, "हे काय निघालं बाप्पा? थांबा मावशी, एवढं काढून फेकतो." त्यानं सुरीचं टोक लावलं. मागे गावची कुत्री जिभा काढून ओळीनं बसलेली, आणि त्यातल्या एकाच्या गळ्यात माझ्या जावेचं शेंबडं पोरगं हात घालून बसलेलं.

सासरी मी उच्चारलेला पहिला मोठा शब्द आहे "थांबा!" आणि तो असा निघाला की निंबावरचे कावळे उडाले.

सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. नवऱ्यानं जमिनीकडे पाहिलं. ती सवय त्याला अजून आहे. मी उठले, आचाऱ्याच्या हातातून ताट घेतलं.

सासूबाई म्हणाल्या, "काहून वं? मायी कलेजी कुठी नेऊन राहिली?"

"आत्याबाई, ही खायची नाई. हिच्यात फोड हाय."

झालं. मागे कुजबूज सुरू झाली. "बोकड खराब निघालं." "पिरानं नाई घेतलं." "पायगुण पाय ना पायगुण." सासूबाईंचा चेहरा पडत गेला, तो मी बघत होते. पोराचं लग्न जमावं म्हणून बोललेला नवस त्या पोराच्या बायकोनंच भर गावात मोडला होता. आता मी 'बोकड बाद' म्हटलं असतं, तर रस्सा नाही, जेवण नाही, आणि त्या घरात माझं तोंड कायमचं काळं. आणि नुसतं 'चालतंय' म्हटलं असतं, तर आचाऱ्यानं फोड कुत्र्यापुढे टाकला असता.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता तरी वचन मोडा. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, कमरेचं म्यान सोडलं, सुरी मुठीकडून माझ्यापुढे धरली आणि एकच गोष्ट केली. स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून वर सरकवलं. म्हणजे, बांगड्या वर घे.

मी चुडा कोपराकडे ढकलला आणि बोकडापाशी बसले. लुगड्याचा काठ रक्तात. फुफ्फुसं दाबून पाहिली, काळीज चिरून पाहिलं, मांड्यांचं मांस बघितलं. सगळा गाव भोवती गोळा. एक म्हातारी म्हणाली, "काय मेली कसायाची लेक केली काय?" मी हात चालूच ठेवला. मग उभी राहिले. लॅटिन आठवत होतं, पण वापरलं नाही.

"बोकड चांगला हाय. जिवाभावानं पोसलेला हाय. एक कलेजी तेवढी जमिनीत खोल पुरायची, वर चुना टाकायचा. बाकी समदं पिरालेबी चालते आन् गावालेबी चालते."

सासूबाई मुजावरांकडे बघत होत्या. मुजावर पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "पयला घास तं पिराचाच अस्ते ना बाई? जमिनीत गेला म्हंजे पिराले पोचला. खणा गड्डा."

सासूबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. कलेजीऐवजी निखाऱ्यावर काळजाचा तुकडा भाजून मी त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला आणि पुढे जन्मभर पुरेल असं वाक्य तिथेच बोलून घेतलं, "पाय बाप्पा सून! आल्या आल्या लेक तं घेतलाच, कलेजीबी काढून घेतली." गाव हसला. मी हसावं की नाही, ते ठरेना, मग हसलेच. खड्डा डॉक्टरांनी स्वतः उभं राहून खणून घेतला. चपलेनं माती दाबली आणि कुत्र्यांकडे वळून एकदा शिट्टी वाजवली. तेवढं चालतंय, मी म्हटलं.

पंगत बसली. डॉक्टर माझ्या सासऱ्यांशेजारी. पत्रावळीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वर तर्रीचा लालभडक रस्सा. एवढ्या गावाला एक बोकड, म्हणून रस्साच जास्त. तरी डॉक्टरांच्या पानात मी शोधून दोन तुकडे वाढले. ते पानावर वाकले. सवयीनं एक तुकडा दोन बोटांत उचलला, उन्हाकडे धरला.

माझा हात वाढता वाढता थांबला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुकडा पानात परत ठेवला. मग चष्मा काढला, घडी केला, शर्टाच्या खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं. आणि जेवायला लागले. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं पानही धड दिसत नसे. पहिला घास अर्धा मिशीवर, रस्सा इस्त्रीच्या शर्टावर. पण जेवत होते, खाली मान घालून, उपाशी माणसासारखे.

सासूबाई पदर खोचून रस्सा घेऊन आल्या. "काहून हो डॉक्टर? चष्मा काहून काढला? हाडूक लागन ना घशाले."

डॉक्टरांनी तोंड पुसलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी वऱ्हाडी ऐकली नव्हती. ती त्या दिवशी ऐकली.

"लागू द्या बाई. मी सुट्टीवर हावो. ड्युटीवर तुमची सून हाय ना आज." आणि पत्रावळ चाचपून पुढे सरकवली. "रस्सा वाढा."